वेलांटीबाईंची एक दुरुस्ती

बागेच्या फाटकावर नोटीस लागली, ती सगळ्यांच्या आधी वेलांटीबाईंनी वाचली आणि सगळ्यांच्या नंतर त्यांना ती कळली.

सकाळचे साडेसहा वाजले होते. धाकट्या बहिणीबरोबर रोजच्यासारख्या फिरायला निघालेल्या बाई फाटकाशी आल्या आणि त्यांचे पाय आपोआप थांबले. वर ठळक अक्षरांत 'जाहीर सुचना' असं छापलेलं होतं. त्यातला 'सु' ऱ्हस्व होता. झालं. बाईंनी पिशवीतून लाल पेन काढलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि ओळीखाली बोट धरून त्या कामाला लागल्या. 'नागरीक'मधली दीर्घ वेलांटी कापली, 'सार्वजनीक'मधली कापली, 'हरकति'ला हवी होती ती दिली. 'दिनांका पासून'मधली फट बुजवली. बहीण शेजारी एका पायावर उभी राहून बुटातला खडा काढत होती.

"अकरा," बाई म्हणाल्या. "एका पानात अकरा. कुणाला बसवतात हल्ली या कामाला, कोण जाणे."

"ते राहू दे. लिहिलंय काय त्यात?" बहिणीनं विचारलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि कागदाकडे पुन्हा पाहिलं. काय लिहिलंय हे त्यांनी खरंच पाहिलं नव्हतं.

यात नवल काही नाही. बाईंनी छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. मुद्रितं म्हणजे छापण्याआधीचे कच्चे कागद, ज्यांतल्या चुका वेचून काढायच्या असतात. त्या कामाचा पहिला नियम असा की मजकुरात शिरायचं नाही. अर्थामध्ये शिरलात की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. बाई सुटी सुटी अक्षरं वाचायच्या, आणि काम जोखमीचं असलं तर शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे उलटं वाचत यायच्या. बातमीत आग लागो नाहीतर लग्न लागो, त्यांना दोन्ही सारखंच. एकदा त्यांनी सख्ख्या मामाच्या निधनाची बातमी तपासली, 'दुःखद'मधला विसर्ग जागेवर बसवला, कागद खाली पाठवून दिला आणि मामा गेला हे त्यांना घरी आल्यावर कळलं. ही गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या, आणि चक्क अभिमानानं सांगायच्या.

निवृत्तीनंतर छापखाना सुटला, पण खोड सुटली नाही. गल्लीतल्या एकाही पाटीला त्यांनी सुखानं जगू दिलं नाही. कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्यानं 'चप्पल दूरुस्ती' अशी पाटी लावली होती. बाई रोज त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "अरे, तुझी दुरुस्तीच दुरुस्त नाही, तर चपलांचा काय भरवसा धरायचा?" अठरा दिवसांनी त्यानं हात टेकले आणि पाटी नव्यानं रंगवून घेतली. तेव्हापासून वेलांटीबाई हे नाव पडलं ते पडलंच. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

तर नोटिशीत लिहिलं होतं ते असं. बागेच्या पूर्वेकडील रिकाम्या जागेवर एका खासगी संस्थेमार्फत युवा केंद्र उभारण्याचे योजिले आहे. कुणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांत द्यावी, त्यानंतर सुनावणी होईल.

"रिकामी जागा?" बहीण म्हणाली. "आपलं मैदान?"

ती त्याच मैदानावर एकसष्टाव्या वर्षी सायकल शिकली होती. नवरा गेल्यावर वर्षभर घरात कोंडून घेतलेली ही बाई एका संध्याकाळी उठली, शेजाऱ्यांची जुनी सायकल मागून आणली आणि त्या खडबडीत मैदानावर चार वेळा आपटून पाचव्यांदा फाटकापर्यंत पोचली. मैदान तसं दिसायला काहीच नव्हतं. गवत अर्धं, माती अर्धी. दोन टोकांना विटा रचून केलेले फुटबॉलचे गोल, कडेला एक गळका नळ, तीन मोठी झाडं, आणि एक फळी तुटलेला बाक. गल्लीतले एक बसचालक सकाळची पाळी संपवून दुपारी झाडाखाली आडवे व्हायचे. त्यांची मुलगी संध्याकाळी तिथंच गोलरक्षक म्हणून उभी राहायची आणि भल्याभल्यांचे चेंडू अडवायची. इस्त्रीवाली आपलं तान्हं बाळ गवतावर पालथं टाकून घटकाभर पाठ सरळ करायची. कुणी कुणाला तिथं कशासाठी आलात असं विचारत नसे. आता अशा जागेला रिकामी म्हणायचं असेल तर श्वास घेतानाची छातीसुद्धा रिकामीच म्हणावी लागेल.

आठवडाभरात संस्थेचे चिटणीस स्वतः बागेत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं असं की समोरच्याला आपण उगाच रागावलो असं वाटावं. बसचालकांनी पहिल्याच भेटीत त्यांचं नाव 'मधाचं बोट' ठेवलं. त्यांनी पुठ्ठ्याची एक प्रतिकृती आणली होती. दुमजली इमारत, काचेचं दार, आत व्यायामशाळा, खेळायची टेबलं, वाचायची खोली. झाडंही होती, हिरव्या स्पंजाची. तरुणांचं भलं व्हावं याला नाही म्हणणारा माणूस मिळणं कठीण, आणि संस्थेनं तेवढंच ओळखलं होतं. विरोध करणारा उभा राहिला की तो आपोआप तरुणांचा वैरी ठरायचा.

"यात कुणाला येता येईल?" बसचालकांनी विचारलं.

"प्रत्येक मुलाला. कार्ड दाखवलं की दार उघडलं."

"आणि कार्ड नसेल त्याला?"

"त्यानं कार्ड काढायचं," चिटणीस हसून म्हणाले.

"आत्ता तर दारच नाहीये," गोलरक्षक मुलगी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण केंद्र म्हणे तिच्यासाठीच बांधलं जाणार होतं.

बहीण प्रतिकृतीभोवती एक चक्कर मारून आली. "यात आम्ही म्हाताऱ्या कुठं आहोत?"

"आजी, तुमच्यासाठी बाहेर छान बाक असेल."

"बाहेर तर आम्ही आत्ताही आहोत की. त्यासाठी एवढी इमारत कशाला?"

लोक हसले. चिटणीसही हसले, आणि मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "हे बघा, आम्ही कुणाची बाग घेत नाही. शहराच्या विकास आराखड्यात ही जागा रिकामी म्हणून नोंदवलेली आहे. छापील पुस्तक आहे, पान त्रेचाळीस. आणि रिकामी जागा संस्थांना देता येते, हेही त्यातच लिहिलेलं आहे. वाचून बघा."

वाचून बघा, असं वेलांटीबाईंना सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सार्वजनिक ग्रंथालय उघडलं तेव्हा त्या पायरीवर बसलेल्याच होत्या. ग्रंथपालानं वरच्या कप्प्यातून जाडजूड पुस्तक काढून दिलं आणि धुळीनं शिंकत निघून गेला. बाईंनी आधी शेवटचं परिशिष्ट उघडलं. तिथं शब्दांच्या व्याख्या होत्या. 'मोकळी जागा' म्हणजे जी नागरिकांसाठी कायम उघडी ठेवायची आणि जिच्यावर काहीही बांधायचं नाही ती. 'रिकामी जागा' म्हणजे जिचा वापर अजून ठरलेला नाही आणि जी पुढं योग्य त्या संस्थेला देता येईल ती. मग पान त्रेचाळीस. ओळ अशी होती: 'नागरिकांना मोकळ्या हवेत मोकळेपणाने वावरता यावे म्हणून बागेचा पूर्वेकडील भाग रिकामी जागा म्हणून राखावा.'

बाईंनी ती एकदा वाचली. मग सवयीनं, ओठातल्या ओठात, सुटी सुटी वाचली. 'मोकळ्या', 'मोकळेपणाने' आणि तिसऱ्या जागी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पुस्तक पालथं करून अगदी शेवटचं पान पाहिलं. खाली बारीक टायपात छापखान्याचं नाव होतं. त्यांच्याच छापखान्याचं.

सगळं आठवलं. सत्तावीस वर्षं झाली होती. पत्र्याचं छप्पर तापलेलं, यंत्रांची धडधड, शाईचा वास, आणि समोर आराखड्याचं मुद्रित. त्या वाक्यात 'मोकळ्या', 'मोकळेपणाने' आणि 'मोकळी' असे तीन सख्खे भाऊ एका रांगेत बसले होते. बाईंच्या कानाला ते खटकलं. जन्मात मजकुरात न शिरणाऱ्या बाई त्या दिवशी मजकुरात शिरल्या, तेही अर्थासाठी नाही, नादासाठी. त्यांनी तिसरा शब्द कापला आणि समासात 'रिकामी' असं लिहिलं. फोरमन म्हणाले होते, "बाई, सरकारी काम आहे. साहेबांना विचारून घ्या." बाई म्हणाल्या होत्या, "भाषेतलं साहेबांना काय कळतं?" व्याख्यांचं परिशिष्ट छापायला आलं ते महिन्याभरानं. ते बाईंनी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलं, दोन चुका काढल्या आणि खाली पाठवून दिलं.

त्यांनी पुस्तक परत केलं तेव्हा ग्रंथपालानं विचारलं, "सापडलं का हवं ते?" बाई पायऱ्या उतरायला लागल्या.

पुढचे काही दिवस त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. हरकतींचा मसुदा लिहायचं काम सगळ्यांनी मिळून त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. रोज संध्याकाळी तुटक्या बाकाभोवती माणसं जमायची, सह्यांचे कागद फिरायचे, आणि बाई मांडीवर वही घेऊन बसायच्या. झाडांबद्दल त्यांनी झकास लिहिलं. खेळणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं. पान त्रेचाळीसचा मुद्दा आला की लेखणी अडायची.

"तो कोण गाढव होता ज्यानं हे रिकामी लिहून ठेवलं," बसचालक एकदा म्हणाले, "तो मला नुसता सापडू दे. बसखाली घालतो त्याला. डबल डेकर बसखाली."

सगळे हसले. वेलांटीबाई वहीतल्या एका स्वल्पविरामाकडे टक लावून बसल्या होत्या.

बहिणीला मात्र वास लागला. एका दुपारी स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता तिनं सुरी खाली ठेवली. "ताई, तुला बरं नाहीये का?"

"मला काय धाड भरलीये?"

"चार दिवस झाले, तू कुणाची एक चूक काढली नाहीस. काल मी यादीत 'साबन' लिहिलं, मुद्दाम. तू साबण घेऊन आलीस आणि गप्प बसलीस."

तेव्हा बाईंनी सांगितलं. ओट्याकडे तोंड करून, पाठमोऱ्या उभ्या राहून सांगितलं. बहीण ऐकत राहिली. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजत गेली.

"कुणाला कळणार आहे?" शेवटी बाईच म्हणाल्या. "पुस्तकावर माझं नाव नाही. छापखाना बंद पडून बारा वर्षं झाली."

"कळणार नाही," बहीण म्हणाली. "आणि मैदान जाईल."

"निरोपाच्या दिवशी मालक काय म्हणाले होते, आठवतंय तुला? छत्तीस वर्षांत या बाईंच्या हातून एक चूक सुटली नाही. शंभर माणसांसमोर म्हणाले होते. मी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, देश पाहिले नाहीत. माझ्याकडे एवढंच आहे गं. ते पण देऊ?"

बहीण बटाट्यांकडे वळली. तिनं सुरी उचलली आणि उरलेले बटाटे सोलले. पण तिनं 'जाऊ दे' असं म्हटलं नाही, आणि ते बाईंना ऐकू आलं. त्या रात्रीच्या जेवणाआधीच त्यांचं ठरलं होतं. चार दिवस भ्यायल्याचा त्यांना स्वतःचाच संताप आला होता. आपली चूक, आणि ती दुसऱ्याच्या खिशात जाऊन बसून आपल्यालाच वाकुल्या दाखवते म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी त्या अभिलेख कार्यालयात गेल्या. आराखड्याची मूळ हस्तलिखित प्रत पाहायची होती. कारकुनानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि सांगितलं की मूळ कागद गोदामात आहेत, काढायला तीन आठवडे लागतील. सुनावणी शुक्रवारी होती. त्या दिवशी मंगळवार होता. बाईंनी त्याच्या अर्जातली एक वेलांटी सुधारून दिली आणि तिथून थेट फोरमनचं घर गाठलं.

फोरमन आता मुलीकडे राहत होते. तिसरा मजला, गॅलरीत खुर्ची, मांडीवर वर्तमानपत्र. ऐकायला कमी येत होतं, पण बाईंना पाहिल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वर्तमानपत्राची घडी घालून पाठीमागं लपवलं, नाहीतर बाईंनी त्यातल्या चुका काढायला घेतल्या असत्या.

"आराखड्याचं मुद्रित," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांपूर्वीचं. तुम्ही सरकारी कामांची मुद्रितं जपून ठेवायचात. आहे का?"

होतं. पलंगाखालच्या पेटीत, सुतळीनं बांधलेलं. फोरमननी पान त्रेचाळीस काढलं. 'मोकळी'वर लाल काट, समासात 'रिकामी', आणि खाली बाईंची आद्याक्षरं. शाई किंचित तपकिरी पडली होती, पण अक्षर मोत्यासारखं होतं. बाईंना आपल्या अक्षराचा इतका राग कधी आला नव्हता.

"मी म्हणालो होतो, साहेबांना विचारा," फोरमन म्हणाले.

"म्हणाला होतात."

फोरमन थोडा वेळ खोकले. मग त्यांनी पान घडीत ठेवलं. "बाई, एक सुचवू? हे कुणाला दाखवूच नका. सांगा, अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यानं घोळ घातला, एका शब्दाजागी दुसरा लावला. तो बिचारा केव्हाच गेला. बायकापोरं नाहीत. त्याच्या नावावर एक चूक गेली तर त्याला काय फरक पडतो? मी येतो साक्षीला."

फोरमन वाईट माणूस नव्हते. छत्तीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी बाईंसाठी जे जे करता येईल ते केलं होतं, आणि हेही त्यातलंच होतं.

"तो माणूस उलटी अक्षरं सरळ वाचायचा," बाई म्हणाल्या. "हजारो पानं त्यानं माझ्यासाठी लावली. एकदाही स्वतःच्या मनानं एक काना पुढं-मागं केला नाही. मनानं करणारी मी होते. द्या तो कागद इकडे."

फोरमननी कागद दिला. जिन्यापर्यंत पोचवायला ते उठले, पण तीन मजले त्यांना झेपणार नव्हते, म्हणून ते दारातच उभे राहिले.

बुधवारी दुपारी बाई मैदानावर गेल्या. बसचालक झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन पडले होते. बाईंनी काठीनं त्यांच्या बुटाला टोचलं. "उठा. ते गाढव सापडलं."

बसचालकांनी टोपी बाजूला केली. बाईंनी कागद दाखवला आणि खालची आद्याक्षरं कुणाची ते सांगितलं. बसचालकांनी कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"डबल डेकर बंद झाल्यात मावशी," ते म्हणाले. "आता साध्या बसखालीच भागवावं लागेल."

शुक्रवारी सुनावणीच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला चिटणीस, त्यांचे वकील आणि ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाली, चपला शिवणारा, शाळेतून परस्पर आलेली गोलरक्षक मुलगी आणि गल्लीतली चाळीसेक माणसं. समोर सुनावणी अधिकारी, पन्नाशीच्या एक बाई, सकाळपासूनची ही त्यांची चौथी सुनावणी होती. बसचालकांनी सह्यांचे कागद दिले आणि मैदानाबद्दल सांगितलं. वकिलांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग उभे राहून पान त्रेचाळीस वाचलं. "भावना आम्हालाही आहेत," ते म्हणाले. "पण छापील आराखड्यात शब्द रिकामी असा आहे. शहर भावनेवर नाही, छापील शब्दावर चालतं."

"अगदी बरोबर," वेलांटीबाई उभ्या राहत म्हणाल्या. "म्हणूनच मी आलेय. तो शब्द मी छापलाय."

त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मुद्रित अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवलं. दालनात कुजबुज झाली. बाईंच्या मागच्या बाकावर जवळच्या शाळेतल्या एक शिक्षिका बसल्या होत्या, ज्या पोरांचे निबंध बाईंकडे तपासायला पाठवत. त्यांनी तोंडावर हात ठेवला. बाईंना ते दिसलं आणि त्यांचे कान तापले, पण त्या खाली बसल्या नाहीत.

वकील उठले. "म्हणजे आपण कबूल करता की आपल्या हातून चुका होतात."

"एक झाली. मोठी झाली."

"एक झाली म्हणजे आणखीही झाल्या असतील. मग आराखड्याच्या तीनशे पानांवर विश्वास कसा ठेवायचा? आणि आज तुम्ही सांगताय त्यावर तरी कसा?"

"नका ठेवू," बाई म्हणाल्या. "तीनशेच्या तीनशे पानं पुन्हा तपासा. मीच बसते हवं तर, अजून डोळे शाबूत आहेत. पण साहेब, गंमत बघा. माझ्या बाकी सगळ्या कामावर तुमचा अविश्वास आहे, आणि जी एकच ओळ मी चुकवली म्हणतेय, तिच्यावर मात्र तुमचा गाढ विश्वास. तिच्यावरच तुम्ही दोन मजले उभे करणार."

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. चिटणीस पुढं झाले. आवाज तसाच मऊ होता. "बाई, या वयात कशाला हा त्रास? तुमचं एवढं नाव आहे. आम्ही केंद्रातल्या वाचनाच्या खोलीला तुमचं नाव देऊ."

"माझं नाव वेलांटीबाई आहे," बाई म्हणाल्या. "पाटी लावाल, तिच्यातही चूक कराल. राहू द्या."

हशा पिकला. अधिकाऱ्यांनी टेबलावर पेन आपटून सगळ्यांना शांत केलं आणि कारकुनाला जबाब लिहायला सांगितला. कारकून मध्यमवयाचा, भला माणूस होता. त्यानं बाईंना पाणी दिलं, लिहिलं आणि वाचून दाखवलं: "सदर शब्द माझ्याकडून अनवधानाने बदलला गेला."

"अनवधानाने काढा," बाई म्हणाल्या.

"राहू द्या हो बाई," कारकून हळूच म्हणाला. "लिहायची पद्धत आहे. तुमच्याच सोयीचं आहे ते."

अधिकारीही म्हणाल्या, "तेवढं राहिलं तर तुमच्यावर काही येणार नाही. नजरचूक कुणाचीही होते."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मॅडम, नजरचूक असती तर तिथं मूळ शब्द काय होता हे कुणालाच सांगता आलं नसतं. मी डोळे उघडे ठेवून बदललाय. तिथं मोकळी होतं, मी वाचलं, मला आवडलं नाही, मी कापलं. फोरमन विचारा म्हणाले, मी विचारलं नाही. मला वाटलं, मला जास्त कळतं. असंच्या असं लिहा."

"बाई, हे कायम दफ्तरी राहील," अधिकारी म्हणाल्या.

"राहायलाच हवं. आराखडाही दफ्तरीच आहे."

मग त्यांनी कारकुनाच्या हातातलं पेन मागून घेतलं, जबाब स्वतःकडे ओढला आणि 'अनवधानाने' या शब्दावर आडवी रेघ मारली. वर नीट अक्षरात 'जाणूनबुजून' लिहिलं. 'जा' चा काना, 'णू' चा दीर्घ उकार, 'बु' चा ऱ्हस्व, पुन्हा एकदा तपासला आणि खाली सही केली. वकील काहीतरी बोलायला उठले आणि बसले. अधिकाऱ्यांनी दोन ओळींचा आदेश लिहवला. मूळ हस्तलिखित प्रत गोदामातून काढून सादर होईपर्यंत आणि तिच्याशी हा शब्द ताडून पाहिला जाईपर्यंत मैदानावर एक वीटही रचू नये.

गोलरक्षक मुलीनं शिट्टी मारली आणि बापाची टपली खाल्ली.

पायऱ्या उतरताना शिक्षिका बाजूनं गेल्या. थांबल्या नाहीत, मान हलवली न हलवली असं करून पुढं निघून गेल्या. बाईंनी पाहिलं. बहिणीनंही पाहिलं आणि बाईंचा हात धरला.

"उद्यापर्यंत गावभर होईल, ताई," ती म्हणाली. "वेलांटीबाई चुकली म्हणतील. जो तो तेच बोलेल."

"बोलू दे की," वेलांटीबाई म्हणाल्या. "मैदानात बसून बोलतील ना?"